द्राक्षाच्या ऐन हंगामात एन-एट-एन २.० वर गेलो, त्याची हकिकत

आठ जानेवारी, गुरुवार, सकाळचे सव्वासात. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मावसभावाचा मेसेज आला. "ताई, तुझ्या एन-एट-एनचं व्हर्जन काय? आणि बाहेरून उघडणारा फॉर्म ठेवलायस का त्यावर?" मी नुकतीच दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या पॅकहाऊसच्या फाटकाशी उतरले होते. थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या क्रेटची पहिली पिकअप आत लागली होती, बायका जाळीच्या टोप्या घालून हात धुवायच्या रांगेत उभ्या होत्या.

व्हर्जन होतं १.९३. फॉर्म होता. एक नव्हे, दोन.

हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एन-एट-एन म्हणजे निरनिराळ्या सेवा एकमेकींना जोडून कामं आपोआप करून घ्यायचं साधन. बर्लिनच्या यान ओबरहाउजर यांनी २०१९ मध्ये ते आणलं. नाव म्हणजे ‘नोडमेशन’चं आखूड रूप, इंग्रजी स्पेलिंगमधली मधली आठ अक्षरं गाळून केलेलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे, झालं; अशा एका साखळीला वर्कफ्लो म्हणतात. कंपनीच्या क्लाउडवर पैसे भरून वापरा, नाहीतर आपल्या सर्व्हरवर बसवा. आम्ही बसवलंय, आणि त्याचं कारण तत्त्वाचं नाही, हिशेबाचं आहे. कोल्ड रूममधला टेम्परेचर लॉगर दर पाच मिनिटांनी एक आकडा पाठवतो. तासाला बारा, दिवसाला २८८, महिन्याला ८,६४०. क्लाउडच्या सुरुवातीच्या प्लॅनमध्ये महिन्याला मिळतात २,५०० रन, म्हणजे वर्कफ्लो चालवायच्या खेपा. एकट्या लॉगरनेच नवव्या दिवशी कोटा संपवला असता. म्हणून भाड्याचा एक छोटा सर्व्हर, त्यावर प्रोग्रॅम चालवायला डॉकर, डेटा साठवायला पोस्टग्रेस, आणि बाहेरून येणाऱ्या विनंत्या घ्यायला पुढे दारावर कॅडी.

मी इंजिनीयर नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री. अण्णांनी मला ठेवलं ते रेसिड्यूचे, म्हणजे द्राक्षांत उरलेल्या औषधांच्या अंशाचे, रिपोर्ट वाचायला. मग "कॉम्प्युटरचं तेवढं ताई बघतील" असं होत होत सगळंच माझ्या गळ्यात आलं. त्यामुळे हा रिव्ह्यू जाणकाराचा नाही. गळ्यात पडलेलं निभावणाऱ्या बाईचा आहे.

आता त्या फॉर्मचं. बागायतदार काढणीच्या आदल्या दिवशी फोनवरून एक फॉर्म भरतात. प्लॉटचा नंबर, जात, अंदाजे किती क्रेट, आणि घडांचे दोन फोटो. दुसरा फॉर्म रिपोर्टची पीडीएफ चढवायला. दोन्हींना पासवर्ड नव्हता, कारण पासवर्ड ठेवला की दिवसभर फोन घेत बसावं लागतं. आणि सात जानेवारीला जाहीर झालेलं एन-एट-एनच्या सुरक्षेतलं भगदाड नेमकं याच फॉर्मच्या दारात होतं. सीव्हीई-२०२६-२१८५८ (अशा भगदाडांना जाहीरपणे दिला जाणारा नंबर), धोक्याची पातळी दहापैकी दहा. १.१२१.० च्या आधीच्या व्हर्जनना लागू.

मला ते समजायला अर्धा तास लागला, म्हणून माझ्या भाषेत सांगते. आमच्या फाटकावर गाडी आली की वॉचमन माल मोजून चिठ्ठी करतो. समजा एखादा माणूस गाडी न घेताच आला, हातात स्वतःच लिहिलेली चिठ्ठी: ‘माझा माल उतरवून झालाय, तो अण्णांच्या कपाटात ठेवलाय.’ आणि वॉचमनने गाडी कुठेय हे न विचारता कपाट उघडून आतलं काढून त्याच्या हातावर ठेवलं. फॉर्म हेच करत होता. फाईल खरोखर चढवली आहे की नुसतंच ‘फाईल अमुक ठिकाणी आहे’ असं लिहून पाठवलंय, याची तपासणी सुटली होती. मग पाठवणारा सर्व्हरवरच्या कुठल्याही फाईलचा पत्ता लिहू शकत होता. डेटाबेसचा, किंवा ज्या किल्लीने सगळे पासवर्ड कुलूपबंद असतात त्या किल्लीचा. किल्ली हाती आली की मालकाच्या नावाने आत शिरणं, आणि तिथून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवणं. लॉगिन लागत नव्हतं.

दुरुस्ती आली होती १८ नोव्हेंबरलाच. एडिटरच्या कोपऱ्यात ‘अपडेट आहे’ असं कित्येक महिने दिसत होतं आणि मी "एप्रिलनंतर बघू" म्हणत होते. गेल्या वर्षी मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस हटला नाही, छाटण्या पुढे गेल्या, माल कमी. अशा वर्षी चालत्या गाड्याला कोण हात लावतं? हे माझं समर्थन. ते दुबळं आहे, मला माहीत आहे.

त्या सकाळी आधी दोन्ही फॉर्म बंद केले. बागायतदारांच्या ग्रुपवर टाकलं, "आज क्रेटचा आकडा फोनवर कळवा." मग कॅडीच्या नोंदी काढून बसले. फॉर्मच्या पत्त्यावर फोटोशिवाय, नुसताच मजकूर घेऊन आलेली एकही विनंती सापडली नाही. इकडचं तिकडचं दार हलवून बघणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, भरपूर होते, पण ते बारा महिने असतात. तरी व्हॉट्सॲपचं टोकन (जोडणीचा गुपित शब्द), गुगलची जोडणी, पोस्टग्रेसचा पासवर्ड, सगळं बदललं. संध्याकाळी साडेसातला घरी निघाले तेव्हा दुपारचा डबा तसाच होता.

आता मुद्द्याचं, म्हणजे २.० चं. १.१२१.० वर थांबून भागणार नव्हतं. डिसेंबरमध्ये आणखी एक निघालं होतं, सीव्हीई-२०२५-६८६१३, पातळी ९.९, त्यात लॉगिन असलेल्याला चौकोनात लिहिलेल्या सूत्रातून (एक्सप्रेशनमधून) सर्व्हरवर काहीही चालवता येत होतं. त्याची दुरुस्ती १.१२०.४, १.१२१.१ आणि १.१२२.० मध्ये. भाऊ म्हणाला, एवढं करतेच आहेस तर डिसेंबरात आलेल्या २ च्या मालिकेवरच जा. १५ जानेवारीला नाशिक महापालिकेचं मतदान होतं. शहरातल्यांना सुट्टी, त्यामुळे आदल्या रात्री, संक्रांतीला, तिळगूळ वाटून झाल्यावर बसले.

पहिली पायरी १ च्या मालिकेतलं शेवटचं, १.१२३. त्यात सेटिंगमध्ये ‘मायग्रेशन रिपोर्ट’ नावाचं पान मिळतं, आणि या अख्ख्या बदलातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. तुमच्या कुठल्या वर्कफ्लोमधला कुठला चौकोन २.० मध्ये अडेल, ते नावानिशी सांगतं. आमच्या २३ वर्कफ्लोंपैकी सहा निघाले. वाचताना लाज वाटली, कारण सहाही ठिकाणी मी कधीतरी रात्री उशिरा "चालतंय ना, चालू दे" म्हणून सोडून दिलेलं काहीतरी होतं.

उदाहरणार्थ, कोडच्या चौकोनातून मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये (एन्व्हायर्नमेंटमध्ये) ठेवलेलं टोकन थेट उचलत होते. २.० मध्ये ते मुळातच बंद. बरोबरच आहे. कोड लिहिता येणाऱ्या कोणालाही सर्व्हरचे गुपित शब्द दिसावेत कशाला? टोकन क्रेडेन्शियलमध्ये, म्हणजे एन-एट-एनच्या कुलूपबंद पासवर्डांत, हलवलं, कोडऐवजी दुसऱ्या सेवेला थेट विनंती पाठवणारा एचटीटीपी रिक्वेस्टचा चौकोन घातला. तीन वर्कफ्लो असे सुटले. कोडही आता मुख्य प्रक्रियेच्या बाहेर, वेगळ्या ‘टास्क रनर’मध्ये चालतो, जड हिशेब अडकला तरी बाकीचं थांबत नाही, एवढं मला कळलं आणि तेवढं पुरे.

दुसरं, रात्री दोनला डेटाबेसचा बॅकअप घ्यायला मी ‘एक्झिक्यूट कमांड’चा चौकोन वापरायचे. म्हणजे ऑटोमेशनच्या हातात सर्व्हरचं टर्मिनल. तोही चौकोन आता मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. एक ओळ बदलून परत चालू करता येतो, आणि मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण भावाने फोनवर नुसतं "ताई" एवढंच म्हटलं. बॅकअप आता सर्व्हरच्या स्वतःच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून, होतो. फाईल वाचण्या-लिहिण्यालाही एकच ठरावीक फोल्डर उरलंय. पॅलेटची लेबलं मी भलतीकडे साठवत होते, ती तिथे आणली. ज्यांचा डेटा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर आहे त्यांनी मात्र घाईने उडी मारू नये, २.० मध्ये त्यांचा आधार काढून टाकलाय. आधी पोस्टग्रेसवर जा.

‘सेव्ह’ आणि ‘पब्लिश’ वेगळे केलेत, त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे कारण याने माझी अब्रू वाचणार आहे. आधी चालू वर्कफ्लोमध्ये सेव्ह दाबलं की तोच बदल तत्काळ कामाला लागायचा. मागच्या मार्चमध्ये मी नावाच्या रकान्याचं शीर्षक बदलत होते, अर्धवट असताना सवयीने सेव्ह दाबलं आणि चहाला गेले. तेवढ्यात दुपारचे मेसेज सुटले. नाव न सापडल्याने एकेचाळीस बागायतदारांना आलं, "अनडिफाइन्ड भाऊ, आपल्या गाडीची वेळ उद्या सकाळी ६.३०." एक आजोबा अजून मला "काय गं अनडिफाइन्डताई" म्हणतात. आता सेव्ह म्हणजे नुसता मसुदा. पब्लिश दाबेपर्यंत जुनंच चालू राहतं. अर्थात सवय लागेपर्यंत उलटही होतं. फेब्रुवारीत ‘काढनी’चं ‘काढणी’ केलं, सेव्ह केलं, खूश झाले, आणि दोन दिवस सगळ्यांना ‘काढनी’च जात राहिलं.

२.० वर गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. फेब्रुवारीत एक्सप्रेशनच्या त्या डिसेंबरातल्या दुरुस्तीला वळसा घालणारी आणखी एक वाट सापडली आणि २.५.२ वर जावं लागलं. यावरून कोणी हे साधन सोडा म्हणतं, त्यांना मी एवढंच म्हणेन की भगदाडं दाखवून, नंबर देऊन, बुजवली जातायत. पण ज्यांना महिन्यातून दोनदा अपडेट करायचा कंटाळा आहे त्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर बसवूच नये. क्लाउडचे पैसे भरा. गाय दारात बांधली की धार रोज काढावी लागते, पाहुणे आले म्हणून गाय थांबत नाही.

यात एक ‘ऑडिट’ची आज्ञा आहे, फुकटच्या आवृत्तीतही. ती चालवली तेव्हा कळलं की लॉगरचा आकडा घेणाऱ्या वेबहुकलाही, म्हणजे बाहेरून माहिती आत घेणाऱ्या पत्त्यालाही, कुलूप नव्हतं. म्हणजे पत्ता कळलेल्या कोणीही आमच्या कोल्ड रूमचं तापमान ०.५ आहे असं खुशाल कळवलं असतं, आणि आत माल तापत असता. वेबहुकला हेडर ऑथ (गुपित शब्दाशिवाय न उघडणारं कुलूप) लावला, लॉगरच्या डबीत तोच शब्द भरला. वीस मिनिटांचं काम, दोन हंगाम राहिलं होतं.

आता जोडण्या. यादी चारशेंच्या वर आहे. आमच्या कामाच्या पाच.

व्हॉट्सॲप बिझनेस क्लाउडचा चौकोन सर्वांत जास्त वापरात. मराठी टेम्प्लेट मंजूर करून घ्यावी लागतात, आणि समोरच्याने २४ तासांत काही लिहिलं नसेल तर टेम्प्लेटशिवाय मेसेज जात नाही. हा मेटाचा नियम, एन-एट-एनचा नाही. जुलै २०२५ पासून पैसेही संभाषणामागे नाही, मेसेजमागे लागतात, तेव्हा "नमस्कार" वेगळा आणि "गाडीची वेळ" वेगळी असं पाठवू नका. यातलं ‘पाठवा आणि उत्तराची वाट पाहा’ हे आम्ही कंटेनर सुटायच्या आधी अण्णांच्या मंजुरीला लावलंय. त्यांना पॅलेटची संख्या, प्रीकूलिंगनंतरचं (माल आधी गार केल्यानंतरचं) तापमान आणि दुवा जातो. ते मंजूर करतात, मगच न्हावा शेव्याच्या ड्रायव्हरला पुढचा मेसेज सुटतो. हा भाग मी वेगळ्या उप-वर्कफ्लोमध्ये ठेवला होता, आणि २.० च्या आधी वाट पाहणाऱ्या उप-वर्कफ्लोचं उत्तर मुख्य वर्कफ्लोपर्यंत नीट पोचत नसे. त्यासाठी मी उत्तर शीटमध्ये लिहून दर मिनिटाला शीट चाळण्याचा जुगाड केला होता. तो जुगाड संक्रांतीच्या रात्री पुसला. फार समाधान वाटलं.

गुगल शीट्स नेहमीसारखं. एक धडा फुकट देते. गुगलकडे आपल्या ॲपची परवानगी ‘टेस्टिंग’वर ठेवली तर जोडणी सात दिवसांनी मरते. पहिल्या हंगामात दर सोमवारी शीट्स बंद पडायचं आणि मी नेटला शिव्या देत होते.

नवं म्हणजे डेटा टेबल, एन-एट-एनच्या पोटातच छोटी तक्तेवही. मूळ मर्यादा ५० एमबी. लॉगरचे आकडे त्यात भरायला जाऊ नका, पण बागायतदार, प्लॉट आणि फोन यांची यादी छान बसते. माझी शीटमधली एक वही त्याने कमी केली.

टॅलीसाठी तयार चौकोन नाही. पण टॅलीप्राइम ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएल घेतं, त्यामुळे एचटीटीपी रिक्वेस्टने पावत्या आत जातात. मात्र हे पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका, देवाशपथ. आम्ही ऑफिसचा पीसी आणि सर्व्हर एका खासगी नेटवर्कमध्ये जोडलेत. निर्यातीच्या द्राक्षांची ग्रेपनेटवरची नोंद अजून हातानेच. अपेडाचं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेचं, ते संकेतस्थळ उघडायचं, भरायचं, तपासायचं. ते बदलेल अशा आशेवर मी नाही.

पाचवी जोडणी एआयची, आणि इथे मी अडेल आहे. लॅबच्या पीडीएफमधून आकडे उचलून तक्त्यात भरणारा वर्कफ्लो मी बांधला, चालवला, आणि बाजूला ठेवला. बहुतेक वेळा बरोबर येतं. पण ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. ०.०१ आणि ०.१ यांच्यात एक शून्य आहे आणि त्या शून्यावर कंटेनर उभा असतो. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशापायी युरोपात अडकलेल्या द्राक्षांची आठवण आमच्या भागात कोणालाही काढून पाहा. तेव्हा आकडे मीच वाचते, चष्मा लावून. यंत्राने फक्त रिपोर्ट आल्याचं सांगावं.

बाहेरच्यांनी बनवलेल्या जोडण्या, म्हणजे कम्युनिटी नोड, मी पूर्ण बंद केल्यात. जानेवारीतच गुगल ॲड्सची जोडणी असल्याचा बहाणा करणारं एक पॅकेज पकडलं गेलं. माणूस आपलं खातं जोडायचा आणि परवाना भलत्याच सर्व्हरवर जायचा. असा नोड एन-एट-एनच्या बरोबरीच्या अधिकाराने चालतो, मध्ये भिंत नसते. २०२५ पासून तपासून घेतलेल्या नोडची वेगळी यादी आहे, अगदीच अडलं तर त्यातून घ्या.

खटकतं काय, तर फुकटच्या आवृत्तीत वर्कफ्लो आणि क्रेडेन्शियल दुसऱ्याबरोबर वाटून घेता येत नाहीत, गुपितं वेगळ्या तिजोरीत ठेवायची सोय आणि एकच कंपनी-लॉगिन हे वरच्या प्लॅनमध्ये. आमच्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ एकच: मी आजारी पडायचं नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन मात्र फुकट आहे, ते लगेच लावा. आणि हे मुक्त सॉफ्टवेअर आहे असं कोणी सांगितलं तर पूर्ण खरं नाही. कोड दिसतो, आपल्या धंद्यात वापरता येतं, पण बसवून दुसऱ्यांना सेवा म्हणून विकता येत नाही.

मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो सदैव जागं राहावं लागतं म्हणून, आणि त्यापायी माझी स्वतःची झोप कमी झाली आहे.

अपडेट आता सोमवारी पहाटे साडेपाचला, पहिल्या पिकअपच्या आधी. आधी बॅकअप, मग नवं व्हर्जन, मग स्वतःच्याच नंबरवर "काढणी उद्या" असा एक मेसेज. तो आला की चहा.

राहिली ती कुलपाची किल्ली, एन्क्रिप्शन की. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बदलताना ती मी जुन्याबरोबरच पुसून टाकली होती, आणि साठवलेली एकूण एक क्रेडेन्शियल हाताने परत भरली होती. यंदा कागदावर छापून पाकिटात घातली आणि अण्णांकडे नेली. त्यांनी पाकीट उजेडाला धरून बघितलं. "काय आहे हे?"

"कपाटात ठेवा. हरवू नका आणि कोणाला दाखवू नका."

"चेक आहे का?"

"चेकपेक्षा जास्त."

त्यांनी कपाट उघडलं, सातबाऱ्यांच्या फाईलखाली ते सारलं, किल्ली फिरवली, आणि बाहेर वॉचमनला हाक मारून विचारलं, क्रिमसनची गाडी मोजली का म्हणून.